आरओ घ्यायच्या आधी टीडीएस मोज

अरे थांब, सेल्समन म्हणतो म्हणून लगेच आरओ (पाण्यातले क्षारही काढणारा प्युरिफायर) बुक करू नकोस. आधी दोन-तीनशेचा टीडीएस (म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर घे नि नळाचं पाणी मोज, पुण्यात खडकवासल्याचं पाणी असेल तर आकडा बहुतेक १५० च्या आतच दिसेल, त्याला यूव्ही-यूएफ (जंतू मारणारा नि गाळणारा, क्षार न काढणारा प्युरिफायर) बास झालं, आरओ लावलास तर एक लिटर प्यायला नि दोन-तीन लिटर मोरीत, वर पाणी बेचव ते वेगळंच. बोअर किंवा टँकर असेल आणि ५०० च्या वर गेलं तर मग आरओ. पण मीटर जंतू दाखवत नाही हां! आमच्याकडे पावसाळ्यात बाहेरच्या प्रीफिल्टरचा पांढरा स्पन (आतली गाळ अडवणारी कांडी) आठवड्यात चहासारखा होतो, स्पेअर आणून ठेव. आणि एएमसीत (वर्षाच्या देखभाल करारात) मेंब्रेन, म्हणजे आरओची क्षार अडवणारी मुख्य जाळी, धरलंय का ते लेखी घे, आम्ही तिथेच फसलो.