‘एकटीच आलो’

पुण्याच्या एका बाईंनी विचारलंय: सून बेळगावची, माहेर तिथल्याच शहापूरचं. बोलायला गोड, पण ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी दमलो’ असं म्हणते. आता तीन वर्षांची नातही ‘मी पडलो’ म्हणत रडत येते. हे कन्नडमुळे होतं का? तिकडच्या बायका पुरुषांसारखं बोलतात का? आणि सुधारावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सुधारू नका.

‘आलो’ पुरुषी वाटतं ते तुमच्या कानाला. एक गंमत करून बघा. सून बाजारातून आली की विचारा, “एकटीच आलीस?” ती म्हणेल, “होय की, एकटीच आलो.” आता ‘एकटी’कडे बघा. ती स्वतःला पुरुष समजून बोलत असती तर ‘एकटाच आलो’ म्हणाली असती. तसं आमच्या बेळगावकडे कुठलीच बाई म्हणत नाही. म्हणजे तिच्या बोलीत ‘आलो’मधला ‘ओ’ पुल्लिंगाचा नाहीच, तो ‘मी’चा आहे. बोलणारा मी, एवढंच तो सांगतो. लिंग सांगायचं काम ‘एकटी’नं केलंय, पुन्हा क्रियापदानं कशाला करायचं? बाकी सगळीकडे लिंग जागच्या जागी आहे: ‘ती आली’, ‘कधी आलीस गे?’, ‘वहिनी गेल्या काय?’ बेळगावात यात कुणाची गल्लत होत नाही.

आणि प्रमाण मराठीसुद्धा याबाबतीत दिसते तेवढी सोवळी नाही. ‘मी येईन’ बाई म्हणते, बुवाही म्हणतो. ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणताना क्रियापद भाकरीकडे बघतं, खाणाऱ्याकडे नाही. सगळ्यात भारी म्हणजे ‘आम्ही’. तुमच्या भिशीतल्या दहा बायका तुळशीबागेतून परत येतात तेव्हा काय म्हणतात? ‘आम्ही आलो.’ दहा जणींनी ‘आलो’ म्हटलं तर व्याकरण, एकटीनं म्हटलं तर चूक! जुन्या लिखाणात ‘मी आलों’ आणि ‘आम्ही आलों’ दोन्हींवर सारखाच अनुस्वार असायचा. मला तरी वाटतं, आमच्याकडच्या ‘मी’नं ‘आम्ही’चं बघून हा धडा घेतला असावा. हा माझा अंदाज, पण लाडका अंदाज आहे.

आता कन्नड. कन्नडमध्ये ‘नानु बरुत्तेने’ म्हणजे मी येतो आणि मी येतेसुद्धा. बोलणाऱ्याचं लिंग क्रियापदाला कळतच नाही. ‘तो’ आणि ‘ती’ मात्र वेगळे: ‘बरुत्ताने’, ‘बरुत्ताळे’. शेजार असा असताना परिणाम होणारच. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा गंपर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास भाषाशास्त्रात गाजलेला आहे. तिथं पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदलेल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना इतकी एकसारखी झाली होती की शब्दाला शब्द ठेवून एका भाषेतून दुसरीत जाता यावं. पण सगळं बिल कन्नडच्या नावावर फाडू नका. कन्नडमध्ये ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ हाही फरक नाही, दोघांनाही ‘नीनु बंदे’. आम्ही तो फरक नीट जपलाय. शिवाय ज्यांना कन्नडचं अक्षर येत नाही अशा कोल्हापूरच्या पोरीही ‘मी जातो की’ म्हणतात. खानापूरचा घाट उतरून गोव्यात गेलात तर कोकणीत बाई-पुरुष दोघंही ‘हांव येतां’ म्हणणार, आणि मालवणीत दोघंही ‘मी येतंय’. उलट तुमच्याकडचंच जुनं ‘मी येत्ये’, ‘मी जात्ये’ आठवा. ते फक्त बायकांचं होतं, आणि आता तेही फारसं ऐकू येत नाही.

‘तिकडच्या बायका पुरुषांसारखं बोलतात का?’ याचं उत्तर ‘नाही’. आमच्याकडे कोण बोलतंय यापेक्षा कुणाशी बोलतंय याला भाव आहे. गड्याला ‘गा’, बाईला ‘गे’. कन्नडमध्येही तसंच, पोराला ‘बारो’, पोरीला ‘बारे’. नवऱ्याला हाक मारायची तर ‘अवं’, आणि त्याच्याविषयी बोलायचं तर ‘आमचे हे’. माझ्या आजीनं आजोबांचं नाव फक्त उखाण्यात घेतलं. पण तीच आजी, जिच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, चुलीपुढून उठताना म्हणायची, “मी दमलो बाई.” या एका वाक्यात ‘दमलो’ही आहे आणि ‘बाई’ही.

मला शाळेत एका बाईंनी ‘मी आलो’ म्हटल्याबद्दल वर्गासमोर उभं केलं होतं. “तू मुलगा आहेस का?” सगळा वर्ग हसला, मीही हसले. त्याच दुपारी मधल्या सुट्टीत त्या बाई शिपायाला सांगत होत्या, “थांब गा, आलो.” तेव्हापासून मी लिहिते ‘आले’ आणि आईला फोनवर सांगते ‘पोचलो’. दोन्ही माझंच आहे.

नातीचं म्हणाल तर ती आईशी ‘पडलो’ आणि तुमच्याशी ‘पडले’ म्हणायला आपोआप शिकेल, पोरं यात आपल्यापेक्षा हुशार असतात. तोवर ती ‘मी पडलो’ म्हणत आली तर आधी गुडघा बघा.