तोंड धुतल्यावर ताणतंय आणि दुपारी तेल सुटतंय, मग स्किन नेमकी कसली समजायची?

"मॅडम, माझी स्किन ऑईली आहे, काय लावू?" आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, बेळगावातल्या मुली विचारतात, खानापूर निपाणीकडच्या पण हेच विचारतात. मी स्किन डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत बसते. औषध देणं माझं काम नाही, डॉक्टरांनी बघितल्यावर घरी रोज काय करायचं आणि कशाच्या नादाला लागायचं नाही ते बसून समजावायचं, एवढं माझं काम.

वडगावची एक मुलगी आली होती आईला घेऊन, वय 22, खडेबाजारात साडीच्या दुकानात कामाला (ओळख पटू नये म्हणून एकदोन गोष्टी बदलल्यात). आल्या आल्या पिशवीतनं सगळं काढून टेबलावर मांडलं. कोळशाचा फेसवॉश, स्क्रब, टोनर, व्हिटॅमिन सी सीरम, गोरं करायची क्रीम, वर घरी लिंबू आणि बेसन चालूच. म्हणाली, "दिवसातनं पाच वेळा तोंड धुतो मॅडम, तरी दुपारपर्यंत तेल सुटतंयच." दुकानात फेसवॉश नेत नव्हती, तिथं बेसिनवर जो अंगाचा साबण असेल त्यानंच धुवायची.

जवळनं बघितलं तर नाकावर चकाकी होती, पण गालावर बारीक सालं सुटलेली, ओठांच्या कडेला लाल झालेलं. डॉक्टरांनी आधीच बघून फंगल वगैरे काही नाही म्हणून सांगितलेलं. पुटकुळ्या म्हणाल तर कपाळावर, त्या पण केसांच्या रेषेला लागून ओळीनं, हनुवटीवर एखाद दुसरी. आणि केसाला भरपूर खोबरेल तेल लावून घट्ट वेणी.

मी तिला म्हटलं, तुझी स्किन कुठल्या टाईपची ते मला आज सांगता येत नाही आणि तुलाही येणार नाही, कारण आत्ता दिसतंय ती तुझी स्किन कमी आणि तिला झालेला त्रास जास्त आहे. हे मी जवळजवळ प्रत्येकीला सांगते आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. नेटवरचा चार्ट बघून, दुखावलेल्या स्किनवर आपण टाईपचं लेबल लावतो आणि मग त्या लेबलसाठी खरेदी करत सुटतो.

आपली स्किन थोडी ॲसिडिक असते, पीएच (ॲसिड किती ते मोजायचं माप, 7 मधला, त्याखाली ॲसिडिक) साधारण 5 च्या आसपास. अंगाच्या साबणाचा पीएच 9 ते 10, लिंबाचा रस 2 च्या आसपास, म्हणजे ही पोरगी रोज एकदा ह्या टोकाला आणि एकदा त्या टोकाला जात होती. तेल किती सुटायचं हे मुख्यतः हार्मोन ठरवतात, पाच वेळा धुतलं म्हणून आतलं तेल बंद होत नाही, वरचं जे संरक्षणाचं कवच असतं ते मात्र निघून जातं, मग ताणतं, चुरचुरतं, काही लावलं की आग होते, आणि आपण म्हणतो मला काहीच सूट होत नाही.

म्हणून टेबलावरचं सगळं परत पिशवीत. महिनाभर फक्त तीन गोष्टी ठरवल्या. सकाळी आणि रात्री साधा सौम्य फेसवॉश, दुपारी नुसतं पाणी. धुवून टॉवेलनं हलकं टिपून तोंड ओलसर असतानाच पातळ जेल मॉइश्चरायझर, पाकिटावर नॉन कॉमेडोजेनिक (म्हणजे स्किनची छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं बघून घ्यायचं. सकाळी वरनं सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा जास्त, दोन बोटांवर लांब रेघ काढली की जेवढी होते तेवढी, तोंडाला आणि मानेला मिळून.

मॉइश्चरायझरला ती तयारच नव्हती, तेलावर अजून तेल कशाला म्हणून. पण तेल आणि ओलावा वेगळा, ऑईली स्किनचं पण कवच कोरडं पडतं, हे गालावरची सालं तिलाच आरशात दाखवली तेव्हा पटलं. सनस्क्रीनचं म्हणाली मी तर दिवसभर दुकानात, ऊन कुठं लागतंय. अगं सकाळी गाडीवर येतेस, दुपारी जेवायला घरी जाऊन परत येतेस, आणि उन्हातली यूव्हीए किरणं काचेतनं पण येतात. आपल्या रंगाच्या स्किनवर पुटकुळी गेली तरी काळा डाग मागं राहतो आणि ऊन लागलं की तो अजून गडद होतो.

खरी अडचण केसाच्या तेलावर आली, कारण तेच कपाळावर उतरून केसांच्या रेषेला पुटकुळ्या येऊ शकतात. आई म्हणाल्या, "बाई, तेल न लावता डोकं कोरडं कसं ठिवायचं?" त्यांचं पण चूक नाही, आपल्याकडं तेल म्हणजे आईची मायाच असते, ते बंद करा म्हणून एका वाक्यात सांगितलं तर घरी जाऊन कोणी ऐकत नाही. मग असं ठरवलं की तेल शनिवारी रात्री, कपाळाकडचा भाग सोडून, आणि रविवारी सकाळी डोकं धुवायचं. उशीचा अभ्रा पण तेव्हाच बदलायचा.

दीड महिन्यानं परत आली तेव्हा सालं गेलेली, कपाळावरच्या नवीन पुटकुळ्या बऱ्याच कमी. तेव्हा घरी करायची टेस्ट करून घेतली. फेसवॉशनं तोंड धुवायचं, काही लावायचं नाही, तासाभरानं बघायचं. सगळीकडं ताणलं तर कोरडी, सगळीकडं चकाकलं तर ऑईली, कपाळ नाक हनुवटीवरच चकाकलं तर कॉम्बिनेशन, कशाचाच त्रास नसेल तर नॉर्मल. हिची निघाली कॉम्बिनेशन. मग डॉक्टरांनी सॅलिसिलिक ॲसिड 2 टक्के दिलं, एक रात्र सोडून, फक्त नाक कपाळ हनुवटीला. नवीन काहीही एका वेळी एकच सुरू करायचं, दोन-तीन आठवडे थांबायचं, नाहीतर कशानं बिघडलं ते कळतच नाही. जुने डाग अजून आहेत, त्यांना काही महिने लागतात हे तिला आधीच सांगून ठेवलेलं. आणि आपल्याकडं पावसात जे जेल पुरतं ते नोव्हेंबरनंतरच्या कोरड्या थंडीत गालाला पुरत नाही, तेव्हा गालापुरती जाड क्रीम घ्यायची.

निघताना आईंनी हळूच पर्समधनं एक ट्यूब काढली. "आणि मी हे लावतो, चालतंय न्हवं?" शेजारणीनं सांगितलं म्हणून मेडिकलमधनं आणलेली, कित्येक महिने रोज लावत होत्या, पहिल्यांदा उजळ वाटलं, आता उन्हात गेलं की लाल होतं आणि एक दिवस चुकवला तरी आग होते. मागं वाचलं तर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. मोमेटासोन हे स्टिरॉइड आहे. 2018 साली सरकारनं 14 स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये घातल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नाहीत, तरी हातोहात मिळतात. असल्या क्रीमनं स्किन पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, आणि एकदम बंद केली तर पुटकुळ्या आणि लाली उसळून येते, म्हणून आपल्या मनानं चालूही ठेवायची नाही आणि झटक्यात बंदही करायची नाही. त्यांना लगेच डॉक्टरांकडं आत पाठवलं. तुमच्या घरात कोणी असली ट्यूब लावत असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा, मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ह्यातलं काही दिसलं तर ती ट्यूब हातात घेऊनच डॉक्टरांकडं जा.