पटकथेआधी पुस्तक तीनदा वाच

परवा दादरला भेटलास तेव्हा पुस्तकावरून चित्रपटाची पटकथा कशी लिहायची यावर घाईत बोलणं झालं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी पुस्तकाच्या हक्कांचं, म्हणजे कॉपीराइटचं बघ. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११ पासून खुली आहे. भा. रा. भागवत मात्र २००१ साली गेले. त्यांच्या फास्टर फेणेला हात लावायचा तर वारसांची लेखी परवानगी हवीच.

आता खरं काम. ‘श्यामची आई’ ४२ रात्रींत सांगितलेली आहे. प्रत्येक रात्रीला स्वतःचा शेवट आहे आणि तिथेच नवखा फसतो. मीही फसलो होतो. सगळ्या रात्री ठेवायच्या हट्टाने माझा मसुदा नुसती प्रसंगांची माळ झाला. तू दहा-बारा प्रसंग निवड, पण त्यांतून एक धागा जाऊ दे. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिंपटीने फोडते, तो प्रसंग घे. गुरुजी तिचं मन शब्दांत सांगतात. पडद्यावर ते तिच्या हातांतून, तिच्या गप्प बसण्यातून दिसायला हवं. तिथे निवेदन घातलंस तर प्रसंग मेला. अत्र्यांचा १९५३चा चित्रपट बघ, पण स्वतःचा मसुदा झाल्यावरच.

संवादांतली कोकणी धाटणी पुसू नकोस रे, कळकळीनं सांगतो.

आणि मुलांचं चित्रीकरण दिवसाला पाच तासांपुरतंच, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, असा नियम आहे. दृश्यं लिहितानाच तो धरून चाल. मसुदा झाला की अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदव, मग मला वाचायला दे.