पूजेला कोण बसणार?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही काळाचौकीला राहतो, जुनी चाळ पाडून बिल्डिंग झालीय त्याला तीन वर्षं झाली. २६ जानेवारीला सकाळी झेंडावंदन आणि दुपारी सत्यनारायण हे चाळीपासून चालत आलंय, पूजेला चेअरमन जोडीने बसतात. यंदा पहिल्यांदा बाई चेअरमन निवडून आल्या, त्यांचे मिस्टर वारलेत. झालं, लगेच कुजबुज सुरू, जोडी पाहिजे जोडी पाहिजे, शेवटी जुने चेअरमन आणि वहिनीच बसल्या. ते एक वेळ ठीक, पण तेव्हापासून टँकर असो, लिफ्ट असो, लोक जुन्यांनाच फोन करतायत! मी खजिनदार आहे, चेकवर सही बाईंची चालते हे सांगून सांगून दमलो. पूजेचा आणि सत्तेचा एवढा काय संबंध असतो हो?

उत्तर : खजिनदार भाऊ, तुमच्याकडे जे झालं ते रायगडापासून चालत आलंय, वाईट वाटून घेऊ नका.

असं बघा, सत्ता हातात असणं वेगळं आणि ती लोकांच्या मनात बसणं वेगळं. शिवाजी महाराजांकडे १६७४ च्या आधी काय कमी होतं, किल्ले होते, फौज होती, आरमार होतं, वसुली येत होती. तरी विजापूरच्या आणि दिल्लीच्या नजरेत ते बंडखोर जहागीरदारच, आणि इथलीही काही जुनी घराणी त्यांना आपल्यातलाच एक समजणार, राजा कशाला म्हणतील. मग काशीहून गागाभट्ट आले (घराणं मूळचं पैठणचं बरं का), आधी महाराजांची मुंज झाली, मग आपल्याच राण्यांशी समंत्रक म्हणजे वेदमंत्रांच्या पद्धतीने परत लग्न लागलं आणि मग ६ जूनला अभिषेक. चव्वेचाळिसाव्या वर्षी मुंज! अफझलखानाला ज्याने लोळवलं त्या माणसाला बटूसारखं बसावं लागलं, कारण त्याशिवाय क्षत्रिय म्हणून अभिषेक होईना. पण त्या एका दिवसानंतर स्वतःचा शक, म्हणजे स्वतःची कालगणना, सुरू झाला, नाण्यावर छत्रपती आलं. पुढे २४ सप्टेंबरला निश्चलपुरी गोसाव्याने तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक केला, पहिल्यात उणिवा राहिल्या असं त्याचं म्हणणं. मला विचाराल तर महाराजांना माणसं कळत होती, दोन शिक्के मिळतायत तर दोन घ्या, वैदिकवालेही खूश आणि तांत्रिकवालेही.

आता यातली गोम अशी की शिक्का एकदा घेतला की शिक्का देणारा डोक्यावर बसतो. १८९९ सालची कोल्हापूरची गोष्ट आठवा, शाहू महाराज पंचगंगेवर कार्तिकस्नानाला गेलेत आणि भटजी वेदोक्त म्हणजे वेदांतले मंत्र सोडून पुराणोक्त, पुराणांतले मंत्र म्हणतोय, तोही स्वतः आंघोळ न करता, का तर शूद्रासाठी चालतं. म्हणजे राजाचं खाऊन राजालाच सांगायचं की वेदोक्ताचा तुम्हाला अधिकार नाही. तिथून वेदोक्त प्रकरण जे पेटलं ते काही वर्षं चाललं, राजोपाध्यांचं म्हणजे राजघराण्याच्या भटजींचं इनाम गेलं, १९०२ च्या जुलैमध्ये मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के नोकऱ्यांचा हुकूम निघाला, आणि १९२० मध्ये महाराजांनी सरळ वेगळे क्षात्रजगद्गुरू, म्हणजे आपले वेगळे धर्मगुरूच नेमले. त्यांनी शिक्का मारणाराच बदलला, आणि कोण पूजा सांगणार यावरून सुरू झालेलं भांडण कचेरीत कोण बसणार इथपर्यंत नेलं. दरबारातल्या मंत्रांवरून राज्य हलतं ते असं.

तुमच्या बिल्डिंगची तारीख तर अजूनच भारी आहे. ज्या घटनेसाठी सकाळी झेंडा लावता ती बनत असताना हाच वाद संविधान सभेत झाला होता. १७ ऑक्टोबर १९४९ ला सभेचे सदस्य ह. वि. कामथांनी दुरुस्ती आणली की उद्देशिकेची सुरुवात परमेश्वराच्या नावाने व्हावी. अध्यक्ष राजेंद्रबाबू स्वतः श्रद्धाळू माणूस, त्यांनीही मागे घ्या म्हणून बघितलं, सदस्या पूर्णिमा बॅनर्जी म्हणाल्या की देवावर मत द्यायच्या पेचात आम्हाला टाकू नका, पण कामथ ऐकेनात. मतदान झालं, बाजूने ४१, विरोधात ६८. विरोधात हात वर करणारे सगळे नास्तिक होते असं नाही, देवाचा प्रश्न मतदानाला टाकणंच अनेकांना पटत नव्हतं. म्हणून सुरुवात राहिली ‘आम्ही, भारताचे लोक’. आणि शपथेत दोन्ही सोयी ठेवल्या, ईश्वरसाक्ष शपथ घ्या नाहीतर गांभीर्यपूर्वक दृढकथन करा, खुर्ची तीच. तुमच्या बाईंना खुर्ची या वाटेने मिळालीय, मतांनी, आणि दुपारी लोकांनी जुन्या वाटेने ती काढून घेतली, एवढंच झालंय.

बरं, जोडी पाहिजे म्हणणाऱ्यांनी ती पोथी कधी कान देऊन ऐकलीय का? मला शंका आहे, आपलं सगळं लक्ष शिऱ्याकडे असतं. तिसऱ्या अध्यायात साधुवाणी आणि त्याचा जावई, दोघंही चंद्रकेतू नावाच्या राजाच्या तुरुंगात पडलेले, घरी चोरी झालेली, खायला नाही, तेव्हा साधुवाण्याची बायको लीलावती लेकीला घेऊन स्वतः पूजा करते आणि तिच्या पूजेने ते दोघं सुटतात. नवरा शेजारी नाही, त्याच्या जागी पाटावर सुपारीसुद्धा ठेवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि पाचव्या अध्यायात तुंगध्वज राजा शिकारीहून येताना गवळ्यांची पूजा बघतो, राजेपणाच्या तोऱ्यात प्रसाद न घेताच जातो, तर त्याची मुलंबाळं, धनदौलत सगळं जातं. मग परत येऊन गवळ्यांबरोबर बसून पूजा करतो तेव्हा कुठे सगळं मिळतं. आता मला सांगा, ज्या पोथीत राजाला गवळ्यांच्या पंक्तीला यावं लागतं ती पोथी तुम्ही चेअरमनबाईंना उठवायला वापरलीत! पुढच्या जानेवारीत भटजींना आधीच सांगा, तिसरा अध्याय जरा सावकाश वाचा म्हणावं. आणि टँकरवाल्याकडे बाईंचा नंबर द्या, नोटीस बोर्डावरचा जुना नंबर पुसा, अर्धं काम तिथेच होईल.

प्रश्न : सम्राट अशोक स्वतःला ‘देवांचा प्रिय’ म्हणवायचा, मग तोही देवाचा शिक्काच ना? आणि त्याने लोकांना बौद्ध व्हायला लावलं का? — एक विद्यार्थिनी, नालासोपारा

उत्तर : अगं तू नालासोपाऱ्याची, तुझ्या दारातलाच विषय! सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींना मिळाला, नवव्याचा १९५६ मध्ये जवळच भुईगावला. काळा घोड्याच्या म्युझियममध्ये जाऊन ये एकदा, काळसर दगड आहे, ब्राह्मीच्या ओळी मध्येच तुटलेल्या.

‘देवानंपिय’ ही पदवी त्याची एकट्याची नव्हती, श्रीलंकेचा राजा तिस्सही ती लावायचा, आणि आठव्या लेखाच्या उत्तरेकडच्या काही प्रतींत आधीच्या राजांनाही तोच शब्द आहे. तेव्हा शिक्का म्हणशील तर होता, पण सगळ्यांना मिळणारा. त्याने वेगळं काय केलं तर आधीचे राजे शिकारीला, मौजेला बाहेर पडायचे, हा बोधगयेला गेला आणि मग धम्मयात्रा सुरू केल्या, ब्राह्मण आणि श्रमण (बौद्ध, जैन वगैरे पंथांचे संन्यासी) दोघांना दान, म्हाताऱ्यांना मदत, गावच्या लोकांशी बोलणं. नवव्या लेखात तर चक्क कुरकुर आहे की आजारपण, लग्न, मूल, प्रवास, कशालाही लोक विधी करत बसतात, करा हवं तर, पण फळ थोडं. गुलाम-नोकरांशी नीट वागणं, गुरूंचा मान ठेवणं हा खरा मंगल विधी. (वरच्या खजिनदारभाऊंनी हेही वाचावं.)

लोकांना बौद्ध व्हा असा हुकूम शिलालेखांत नाही. उलट बाराव्या लेखात म्हणतो की आपल्या पंथाची स्तुती करत दुसऱ्याला नावं ठेवणारा आपल्याच पंथाचं नुकसान करतो. तरी त्याला अगदी साधाभोळाही समजू नकोस. धम्म बघायला त्याने धम्ममहामात्र नावाचे अधिकारी नेमले होते, सगळ्या पंथांत फिरणारे, आणि स्वतःच्या नातेवाइकांच्या अंतःपुरातसुद्धा त्यांना जायची मुभा होती. सरकारी माणूस घरात येऊन नीट वागताय ना विचारणार, ही कल्पना मला तरी जरा नकोशीच वाटते.