हाताने हवा भरायचा स्प्रे पंप प्रेशर धरत नाही. दुरुस्त होईल की नवाच घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खारघरला बाल्कनीत कुंड्या आहेत, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडतो म्हणून २ लिटरच्या स्प्रे पंपाने नीम तेल मारता. वर्षभर पंप नीट चालला. आता वीस-पंचवीस वेळा दांडी वरखाली केली तरी जोर टिकत नाही, फवारा लगेच मंदावतो आणि नॉझलमधून नुसतं ठिबकायला लागतं. दुकानदार म्हणतो, याचे सुटे भाग मिळत नाहीत, नवा घ्या.

एवढ्यात नवा घेऊ नका. मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात बरीच वर्षं मेंटेनन्सला होतो आणि आता आमच्या सोसायटीची बाग बघतो. लोक फेकायला काढलेले असे पंप माझ्याकडे येतात. बहुतेकांत बिघाड असतो तो एखाद्या रबरी रिंगचा किंवा नुसत्या घाणीचा, आणि रिंग पाच-दहा रुपयांत येते. फक्त आधी हवा कुठून जाते ते नक्की शोधायचं, मग स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचा. उलट क्रमाने गेलात तर धड असलेला भागही खोलाखोलीत तुटतो, कारण या पंपांचं प्लास्टिक दुसऱ्या-तिसऱ्या खोलाखोलीत टिकत नाही.

पहिली गोष्ट, ‘जोर टिकत नाही’ म्हणजे नेमकं कधी टिकत नाही? फवारताना उतरतो, की पंप नुसता ठेवला तरी उतरतो? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फवारताना जोर उतरणं हा दोष असेलच असं नाही. बाटलीत पाण्यावर जी हवा दाबली जाते, तीच पाण्याला बाहेर ढकलते. पाणी बाहेर गेलं की हवेला जागा जास्त मिळते आणि तिचा दाब कमी होतो. बाटली काठोकाठ भरली असेल तर हे फार झपाट्याने होतं.

हिशोबच करून बघा. २ लिटरच्या बाटलीत १.८ लिटर पाणी भरलं तर हवेला राहिले २०० मिली. हवा भरून आतला दाब बाहेरच्यापेक्षा २ बार वर नेला (बार हे दाबाचं माप; बाहेरच्या हवेचा दाब साधारण १ बार, म्हणजे आत एकूण ३). आता २०० मिली पाणी फवारलं की हवेची जागा दुप्पट झाली, एकूण दाब दीडवर आला आणि जास्तीचा दाब राहिला जेमतेम अर्धा बार. म्हणजे फवारा मेलाच. त्याच बाटलीत १.३ लिटर पाणी भरा, हवेला ७०० मिली सोडा आणि तेवढंच २०० मिली फवारा, दाब १.३ बारच्या आसपास राहतो, फवारा चालू राहतो. मात्र जागा जास्त म्हणजे हवाही जास्त भरावी लागते. दांडी एकदा दाबली की ४० मिली हवा जाते असं धरलं, तर काठोकाठ भरलेल्या बाटलीला ती दहा वेळा दाबून पुरतं आणि एक तृतीयांश रिकाम्या बाटलीला पस्तीस वेळा दाबावी लागते. एवढ्या किंवा याहून रिकाम्या बाटलीला तुमचं वीस-पंचवीस वेळा दाबणं पुरणारच नाही. म्हणून बाटली दोन तृतीयांशच भरा, फवारा मंदावला की मध्येच पुन्हा हवा भरा आणि तेवढ्याने प्रश्न सुटतो का ते बघा. बऱ्याच जणांचा सुटतो.

नाही सुटला तर पुढे. नीम तेलाचं पाणी काढून टाका, पंप धुवा आणि साधं पाणी अर्ध्यापर्यंत भरा. झाकण घट्ट करा, हवा भरा, खटका न दाबता पंप दहा मिनिटं सावलीत ठेवून द्या. मग खटका दाबा. फवारा जोरात आला तर बाटली हवा धरते आहे आणि दोष पुढे नॉझलकडे आहे. फुसका आला तर गळती आहे. ती शोधायला भांडी घासायच्या साबणाचा फेस करून झाकणाच्या कडेला, सेफ्टी व्हॉल्व्हवर, खटक्याच्या सांध्यावर आणि दांडी जिथून आत जाते तिथे लावा. बुडबुडा फुगेल तिथून हवा जाते. २ लिटरचा पंप बादलीत सहज मावतो, तेव्हा हवा भरून सरळ पाण्यात धरलात तरी चालेल.

या दहा मिनिटांत दांडीकडे लक्ष ठेवा. खाली दाबून ठेवलेली दांडी आपोआप वर येत असेल तर निदान झालंच म्हणून समजा. दांडीच्या खालच्या टोकाला दट्ट्या (पिस्टन) असतो, तो ज्या नळकांड्यात फिरतो त्याच्या तळाशी एक पातळ रबरी चकती असते. ती हवेला बाटलीत जाऊ देते, परत येऊ देत नाही. चकती नीट बसत नसली की बाटलीतली दाबलेली हवा नळकांड्यात शिरते आणि दट्ट्याला खालून वर ढकलते. आणखी एक खूण म्हणजे पंप खोलल्यावर नळकांड्यात पाणी सापडतं. तिथे पाणी असायचं कारणच नाही.

तुम्ही नीम तेल वापरता म्हणून माझा पहिला संशय या चकतीवरच आहे. नीम तेल पाण्यात विरघळत नाही, साबणामुळे तात्पुरतं मिसळतं. पंप तसाच ठेवला की ते सुटून वर तरंगतं, चिकट होतं आणि चकतीच्या खाली थर बसतो. शिवाय तेल सतत लागून रबर हळूहळू फुगतं नाही तर कडा मुडपते. खोलण्याआधी सेफ्टी व्हॉल्व्हची पिन ओढून सगळी हवा सोडा, नॉझल तोंडापासून लांब धरा. मग नळकांडं बाहेर काढा. चकती बोटाने अलगद सुटते, तिला चिमटा किंवा पक्कड लावू नका. कोमट साबणाच्या पाण्यात चकती आणि ती बसते ती जागा, दोन्ही जुन्या मऊ ब्रशने धुवा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकडं होतं. चकती सपाट आहे ना, कडेला चीर नाही ना, हे उजेडात धरून पाहा. चांगली असेल तर परत बसवा. कडा मुडपलेली असेल तर उलटी करून बसवायचा प्रयत्न करू नका, तिला बसायची एकच बाजू असते.

उलट लक्षण असं की दांडी खाली दाबताना काहीच जोर लागत नाही, नुसती सळसळ खाली जाते. मग दोष दट्ट्याच्या टोकाच्या रिंगमध्ये. ती सुकली, झिजली किंवा चिरली की हवा बाटलीत जायच्याऐवजी कडेने वर निसटते. इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण इथेच चांगले पंप बिघडवले जातात. पुष्कळ पंपांत ही रिंग आपल्या खाचेत जराशी सैल असते. ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. दांडी वर ओढताना रिंग खाचेत सरकते आणि बाहेरची हवा तिच्या बाजूने नळकांड्यात उतरते. खाली दाबताना तीच रिंग दुसऱ्या बाजूला टेकून वाट बंद करते. सैल दिसली म्हणून कोणी जाड रिंग ठोकून बसवतो, आणि मग दट्ट्या वर येताना हवा ओढतच नाही. म्हणून रिंग बदलायची ती अगदी त्याच मापाची. जुनी रिंग सोबत घेऊन जा, पण ताणून लांबलेली रिंग मापाला फसवते, तेव्हा शक्य असेल तर दट्ट्याच न्या आणि दुकानातच बसवून बघा. तुम्हाला तळोजा एमआयडीसीच्या बाजूला किंवा पनवेलला ऑइल सील, ओ-रिंग विकणारी दुकानं बघावी लागतील. पनवेलला शेतीच्या औषधांच्या दुकानातही फवारणी पंपाचे वायसर विचारा. ठाण्यात मी वागळेतूनच आणतो. शोभेच्या कुंड्या विकणाऱ्या दुकानदाराकडे सुटे भाग नसतात, तो म्हणाला त्यात खोटं काही नाही. पण रिंग ही पंपाच्या कंपनीची वस्तू नाही, ती मापाने मिळते.

रिंग नुसती सुकलेली असेल तर तीही बदलायची गरज नाही. आता घरातली जुनी माणसं सांगतील, दोन थेंब खोबरेल तेल सोड, लगेच चालेल. हा उपाय रॉकेलच्या स्टोव्हचा. स्टोव्हच्या पंपात चामड्याचा वायसर असायचा, तो सुकला की आक्रसायचा आणि तेल प्यायला की पुन्हा फुलून नळीला टेकायचा. त्या वायसरला तेल हवंच असायचं. तुमच्या पंपात रबर आहे, आणि बऱ्याच प्रकारच्या रबराला तेल किंवा पेट्रोलियम जेली मानवत नाही. आज दांडी जड लागेल, पुढे रबर फुगून लोळागोळा होईल. सिलिकॉन ग्रीस आणा. पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणाऱ्यांकडे किंवा हार्डवेअरच्या दुकानात छोटी ट्यूब मिळते. बोटाला लागेल एवढंच घ्या, रिंगवरून फिरवा, दांडी पाच-सहा वेळा वरखाली करा.

झाकणाच्या रिंगचं फार काही नाही. आपल्याकडे खारघरला काय, घोडबंदर रोडला काय, बांधकामाची धूळ रोज बाल्कनीत येते. झाकण उघडून बाजूला ठेवलं की रिंगला कचकच चिकटते आणि मग कितीही आवळा, हवा जाते. पुसा, आटेही पुसा, हाताने घट्ट होईल इतकंच आवळा. सेफ्टी व्हॉल्व्हचंही तसंच. आमच्या सोसायटीत एकांनी ५ लिटरचा पंप भंगारात द्यायला काढला होता, त्याच्या व्हॉल्व्हच्या पिनेखाली रेतीचा एक कण निघाला. पिन दोन-चारदा ओढून सोडली, पाण्याने धुतली, पंप चालू झाला. पण हवा टिकत नाही म्हणून हा व्हॉल्व्ह फेव्हिक्विकने किंवा एम-सीलने बंद मात्र कधीही करू नका. हे छोटे पंप साधारण २ ते ३ बारसाठीच बनवलेले असतात; त्यापुढे जाऊ नये म्हणून तो व्हॉल्व्ह आहे. सायकलचा पंप किंवा गॅरेजचा कॉम्प्रेसर लावणंही त्याच कारणाने धोक्याचं.

फवारा फुर्रफुर्र करत, मध्येमध्ये हवा सोडत येत असेल, तर बाटलीतली उभी नळी बघा. ती वरच्या टोकाला निसटलेली किंवा चिरलेली असली की पाण्याबरोबर हवाही तिच्यात शिरते आणि नॉझलमधून निघून जाते. बाहेर साबण लावून ही गळती कधीच सापडत नाही, म्हणून लोक गोंधळतात. टोक चिरलं असेल तर तेवढं कापून नळी पुन्हा खोचा. थोडी आखूड झाली तर तळाचं पाणी उरेल, एवढंच.

आणि बाटलीत जोर आहे पण फवारा येत नाही, तर नॉझल खोलून पाण्यात भिजवा, उभ्या नळीच्या तळाची जाळी धुवा. नॉझलच्या भोकात टाचणी घालू नका, भोक वेडंवाकडं झालं की पुन्हा बारीक तुषार येत नाहीत. ब्रशचा एखादा केस पुरतो. जीवामृत किंवा दशपर्णी अर्क मारत असाल तर तो दुहेरी सुती कापडातून गाळल्याशिवाय या पंपात घालू नका.

दुरुस्तीनंतर हे परत होऊ नये तर नीम तेल पंपात थेट ओतू नका. १ लिटर पाण्याला साधारण ५ मिली तेल, त्यात आधी थोडा द्रव साबण घोटून कोमट पाण्यात पांढरं दुधट मिश्रण करा, मग उरलेलं पाणी. डिसेंबर-जानेवारीत तेल घट्ट होतं, तेव्हा तेलाची बाटली कोमट पाण्यात ठेवा. लागेल तेवढंच बनवा आणि त्याच दिवशी संपवा. फवारून झालं की साबणाचं पाणी भरून नॉझलमधून मिनिटभर उडवा, मग साधं पाणी. हवा सोडा, झाकण सैल ठेवा, दांडी वर ओढून ठेवा. हवा भरलेला पंप उन्हाच्या बाल्कनीत ठेवू नका. उन्हाने आतला दाब वाढतो आणि प्लास्टिक नरम पडतं.

टाकूनच द्यावा असा पंप एकच, ज्याच्या बाटलीला तडा गेलाय किंवा उन्हाने पांढुरके चरे पडलेत. तो चिकटवून वापरू नका, हवा भरताना तोंडापाशी फुटला तर डोळ्याला इजा होईल.

तुम्ही दांडीचं काही लिहिलेलं नाही. दहा मिनिटं ठेवून बघा, ती वर येते की दाबताना सैल जाते ते इथेच कळवा, आणि नळकांड्याच्या तळाचा एक फोटो टाका. चकती की रिंग, ते त्यावरून सांगता येईल.