टीबीच्या गोळ्या आन फॅटी लिव्हर

प्रश्न: डॉक्टरसाहेब, आमी दारव्हा तालुक्यातले. माह्या मिस्टरांले टीबी निघाला, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड 2 बी हाय, दारू पेत नाई. सरकारी गोळ्या सुरू होऊन 12 दिवस झाले तं लघवी लाल होऊन राहिली. शेजारच्या काकू म्हणतात कावीळ हाय, गोळ्या बंद करा आन माळ घाला. काय करू?

उत्तर: ताई, गोळ्या बंद करू नका. लघवीचा नारिंगी-लाल रंग टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाचा आहे, घाम आणि डोळ्यातलं पाणीसुद्धा तसंच होतं, गोळी घेतल्यावर काही तास रंग गडद असतो मग फिका पडतो. पण याच रंगामुळे खरी कावीळ लघवीवरून ओळखू येत नाही, म्हणून रोज सकाळी त्यांना अंगणात उजेडात उभं करून डोळ्याचा पांढरा भाग बघत जा.

आता फॅटी लिव्हरचं, म्हणजे लिव्हरमध्ये साठलेल्या चरबीचं. त्यासाठी टीबीचं औषध थांबवत नाहीत, पण पायराझिनामाइड, आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात, तो बहुतेक वेळा पहिल्या 2 महिन्यांतच दिसतो, म्हणून तुम्हाला जास्त लक्ष ठेवावं लागेल. मला सगळ्यात जास्त काळजी एकाच गोष्टीची वाटते, गोळ्या सुरू करायच्या आधी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, झाली होती का? त्या तपासणीत एसजीपीटी नावाचा आकडा असतो, लिव्हरला त्रास झाला की तो वाढतो. फॅटी लिव्हरवाल्याचा तो आधीपासूनच 60-70 असू शकतो, आणि त्या पहिल्या तपासणीचा कागद हातात नसला की नंतर तोच आकडा बघून कोणीतरी घाबरून चांगलं चाललेलं औषध बंद करतं, असं होऊ नये म्हणून जीव तुटतो. साधारण 40 ही वरची हद्द धरली तर त्रास नसताना 5 पट म्हणजे 200 च्या वर, आणि मळमळ-कावीळ असेल तर 3 पट म्हणजे 120 च्या वर गेला की डॉक्टर ती औषधं थांबवतात, आणि आकडा उतरला की एकेक करून परत सुरू करतात. म्हणजे उपचार संपत नाही.

उलट्या थांबत नाहीत, अन्नाची शिसारी येते, उजव्या बरगडीखाली दुखते किंवा डोळे पिवळे दिसतात, यातलं काही झालं तर पुढचा डोस देऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. थोडी मळमळ पुष्कळांना होते, तेवढीच असेल तर आशाताईला सांगा.

माळ घातल्यानं लिव्हरला काही फायदा होत नाही, उलट दिवस वाया जातात, आणि जडीबुटीचा काढा तर देऊच नका, गुळवेलीनंसुद्धा काहींचं लिव्हर बिघडल्याचं डॉक्टरांनी पाहिलंय. अंग दुखलं म्हणून पॅरासिटामॉलही मनानं देत बसू नका.

पहिली एलएफटी झालीच नसेल तर उद्या सकाळीच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, सोनोग्राफीचा कागद सोबत न्या, आणि फॅटी लिव्हर आहे हे तिथल्या डॉक्टरांना तोंडानं सांगा, कागद कोणी उघडून वाचेलच असं नसतं.