जळगावच्या उन्हात डीएसजी टिकते का? जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहता जळगावात, रोज पिंप्राळा ते एमआयडीसी, महिन्यातून दोनदा अजिंठा घाटाने संभाजीनगर. २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस मनात भरलीय, पण ‘आपल्याकडच्या उन्हात डीएसजी बसते’ (म्हणजे तिचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडतो) असं गॅरेजवाल्यापासून मेहुण्यापर्यंत सगळे सांगताहेत.

भाऊ, आधी एक गोंधळ मिटवू. लोक ज्याला सरसकट डीएसजी म्हणतात ते एक यंत्र नाही. जुन्या १.२ लिटरच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये किंवा व्हर्टस १.५ मध्ये सात गिअरचा डीक्यू२०० असतो. त्याचे दोन्ही क्लच कोरडे, म्हणजे थंड करायला फक्त हवा. तुम्ही बघताय त्या २३० पीएसच्या आरएसमध्ये सहा गिअरचा डीक्यू२५० आहे. त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात आणि ते तेल इंजिनच्या कूलंटवर चालणाऱ्या कूलरमधून फिरतं. पुढे २०२० मध्ये आलेल्या आरएस २४५ ला सात गिअर आहेत, पण तो गिअरबॉक्सही ओल्या क्लचचाच. नुसते गिअर मोजून ओळखायला गेलात तर फसाल.

डीएसजीची बदनामी झाली ती मुख्यतः डीक्यू२०० मुळे, आणि ती अगदीच खोटी नव्हती. २०१३ मध्ये चीनमध्ये ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी पुढे जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांचं सिंथेटिक गिअर ऑइल काढून मिनरल भरलं गेलं, कारण उष्ण-दमट हवेत त्या सिंथेटिकमुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होत होता. तो इतिहास तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्सचा नाही.

आता उन्हाचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, हे खरं. पण चालू गाडीत गिअरबॉक्सचं तेल तसंही ९० अंशांच्या आसपास असतं. क्लच मरतो तो घसरण्याने. क्लच पूर्ण पकडलेला असेल तर उष्णता जवळजवळ शून्य. अर्धवट पकडीत गाडी रांगत असेल तर बरीचशी ताकद उष्णतेत जाते. डीएसजीला साध्या ऑटोमॅटिकसारखा टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पुढे देणारा भाग) नसतो, म्हणून रांगण्याचं काम क्लचच्या प्लेटांनाच करावं लागतं. पहिल्या गिअरमध्ये इंजिन आयडलला असताना गाडी साधारण ताशी ६-७ किमीने चालते. त्याहून हळू चालवली की क्लच घासतोय असं समजा. उन्हाने एवढंच होतं, की तापलेलं तेल निवायला वेळ लागतो.

म्हणून आकाशवाणी चौक ते अजिंठा चौफुली या पट्ट्यात पुढच्या रिक्षाला चिकटून इंच-इंच सरकू नका. ब्रेक नीट दाबून उभे राहा. ब्रेक पूर्ण दाबला की क्लच मोकळा होतो. अर्धवट दाबून ठेवला तर गाडी पुढे जायला बघते आणि तुम्ही अडवत राहता. दोन-तीन गाड्यांची जागा झाली की ब्रेक सोडा, किंचित अ‍ॅक्सिलरेटर द्या, क्लच पकडू द्या आणि पुन्हा पूर्ण थांबा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) असेल तर चालू ठेवा, पायाला आराम आणि क्लचलाही. सिग्नलला मिनिटभरासाठी न्यूट्रलला टाकायची गरज नाही. रेल्वेचं फाटक लागलं असेल तर मात्र सरळ ‘पी’.

डी मोडची एक खोड आहे. पेट्रोल वाचवायला तो फार लवकर दुसऱ्यात जातो, मग पुढचा ट्रॅक्टर थांबला की दुसऱ्यातच घासत बसतो. गर्दीत लिव्हर मॅन्युअलला घेऊन पहिल्यावर ठेवा. घाटाचंही तेच. फर्दापूरहून वर चढताना कापसाच्या किंवा केळीच्या ट्रकमागे ताशी ८ किमीने लागलात तर अंतर सोडा, पहिला धरा. चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरणं हा तर क्लच जाळायचा सर्वात स्वस्त उपाय. हिल होल्ड (चढावर गाडी मागे येऊ न देणारी सोय) दोनेक सेकंदच धरतो, त्यानंतर ब्रेक तुमचा. उतरताना पॅडलने तिसरा-दुसरा घ्या, न्यूट्रल कधीच नाही. चाळीसगावकडून कन्नड घाटात अडकायची वेळ आली तर इंजिन चालू, लिव्हर ‘पी’त, हँडब्रेक वर.

आणि घराचा रॅम्प. हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे फाटकासमोर गटार, त्यावर फरशी आणि मग पोर्चचा उभा चढ. डीक्यू२५० मध्ये पहिला, तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स हे चारही एकाच क्लचवर आहेत. म्हणजे दिवसभर ट्रॅफिकमध्ये जो क्लच रांगला, त्याच्यावरच संध्याकाळी दीड टनाची गाडी उलटी चढवायची. तुळशी वृंदावनाला धक्का लागू नये म्हणून अर्धा फूट मागे, थांबा, पुन्हा अर्धा फूट, असं पाच मिनिटं केलंत तर जळका वास येणारच. गाडी रस्त्यावरच सरळ करून घ्या आणि एका दमात वर घ्या, नाहीतर नाकाडाने आत लावा. रॅम्पचा चढ गवंड्याकडून थोडा लांबवून घेतलात तर तो खर्च नव्या क्लच पॅकच्या (क्लचच्या प्लेटांच्या संचाच्या) तुलनेत काहीच नाही. लावल्यावर क्रम असा: ब्रेक, न्यूट्रल, हँडब्रेक, ब्रेक सोडून गाडी टेकू द्या, मग ‘पी’. उलट केलंत तर सगळा भार पार्किंगच्या छोट्या खिट्टीवर येतो आणि सकाळी ‘खटॅक’ आवाज होतो.

तेल हा या गिअरबॉक्सचा प्राण. दर ६०,००० किमीला तेल आणि फिल्टर, दोन्ही. गर्दीतला वापर असेल तर मी ५०,००० लाच बदला म्हणेन. तेलाचा नंबर जी ०५२ १८२. बदलताना पाच लिटरच्या थोडं वर लागतं, म्हणून सहा आणून ठेवा. खालचा बोल्ट १४ मिमीच्या अ‍ॅलन कीने उघडतो. आत ८ मिमीने फिरणारी प्लास्टिकची नळी असते. ती काढल्याशिवाय तेल पूर्ण उतरत नाही, आणि ती परत बसवायला विसरला तर लेव्हल लागत नाही. जिथे फक्त बोल्ट उघडून ‘झालं साहेब’ म्हणतात, तिथे जेमतेम लोटाभर तेल बदललेलं असतं.

नवीन तेल भरल्यावर इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर पी-आर-एन-डी असा दोन-तीन सेकंद थांबत फिरवायचा. मग स्कॅनरवर तेलाचं तापमान ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असताना तो बोल्ट पुन्हा उघडायचा आणि नळीतून तेल थेंब-थेंब पडू लागलं की बंद करायचा. खान्देशात अडचण इथेच आहे: मे महिन्यात दुपारी शेडमधली हवाच ४४ असते, तेल कधीच ४५ च्या पुढे गेलेलं. तापलेलं तेल फुगतं, जास्त सांडतं आणि गिअरबॉक्स कमी तेलावर बाहेर पडतो. म्हणून हे काम दिवाळी ते संक्रांत या काळात, किंवा गाडी रात्रभर तिथे ठेवून सकाळी सातला. मेकॅनिककडे गिअरबॉक्सचं तापमान दाखवणारा स्कॅनर नसेल तर गाडी देऊ नका, तो कितीही ओळखीचा असो.

गिअरबॉक्सचा एरर आला की आधी बॅटरी तपासा. उन्हात बॅटऱ्या लवकर जातात आणि व्होल्टेज पडलं की गिअरबॉक्सचा कंट्रोलर भलतेच कोड टाकतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली आकडा असेल तर पहिला संशय तिथे. (उद्या डीक्यू२०० ची गाडी घेतलीत आणि पी१७बीएफ हा कोड दिसला, तर प्रकरण मेकॅट्रॉनिकच्या (गिअर बदलणाऱ्या नियंत्रक भागाच्या) तेलाच्या दाबाचं असतं, बहुतेकदा दाब साठवणाऱ्या अ‍ॅक्युम्युलेटरपाशी त्याच्या धातूच्या कवचाला तडा गेलेला असतो. तिथे बॅटरी बदलून काही होत नाही.) ‘गिअरबॉक्स तापला’ असा संदेश आला आणि गाडी थरथरायला लागली, तर ती थरथर मुद्दाम दिलेला इशारा असतो. बाजूला घ्या, ‘पी’त ठेवून इंजिन चालू राहू द्या, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहील.

रिमॅपचा (सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवण्याचा) विचार असेल तर: इंजिनचा टॉर्क कंपनीचा ३५० एनएम आहे आणि साध्या रिमॅपनेही तो ४०० च्या पुढे जातो. गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर न बदलता नुसतं इंजिन वाढवलंत तर क्लचवरचा दाब जुनाच राहतो आणि वरच्या गिअरमध्ये घसरण सुरू होते. विकणाऱ्याने असं काही केलंय का, हे तोंडावर विचारा. लाँच कंट्रोल (उभ्या गाडीला झटक्यात पळवणारी सोय) मित्रांना एकदा दाखवायला ठीक, एकापाठोपाठ पाच वेळा नाही.

गाडी बघायला जाताना मालकाला सांगा, इंजिन आधी चालू करून ठेवू नका. थंड असताना न्यूट्रलमध्ये आणि बंद करताना खडखड ऐकू आली तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे धक्के शोषणारं दुहेरी चाक) संपत आलंय. मग एसी लावून अर्धा तास गावात फिरवा, कारण दोष गरम झाल्यावरच बोलतात. सपाटीवर फक्त ब्रेक सोडा, गाडी लोण्यासारखी सरकली पाहिजे. डी-आर-डी करताना सेकंदाच्या आत गिअर पडावा, धाडकन नाही. हायवेला मॅन्युअल चौथ्यात १,८०० आरपीएमवरून पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वेगाच्या पुढे पळाला तर क्लच घसरतोय. शेवटी ६०,००० किमीच्या तेलबदलाचं बिल मागा. बिल नाही आणि गाडी ८०,००० च्या पुढे आहे, तर तेल-फिल्टरचा खर्च आणि क्लच पॅकचं लेखी कोटेशन किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करा. तो ऐकत नसेल तर गाडी सोडा, दुसरी मिळते. बंद पडली तर दोरीने ओढत नेऊ नका, फ्लॅटबेडच बोलवा: इंजिन बंद असलं की पंप बंद, आणि आतले गिअर तेलाविना फिरतात.